बांधकाम कंपनीत ठरलेलं धोरण साईटवर का पोहोचत नाही?

प्रश्न असा आहे: पुण्यातली मध्यम आकाराची कौटुंबिक बांधकाम कंपनी. वडील आणि काका संचालक, पुढची पिढी नुकतीच कामात आलेली. दोन वर्षांपूर्वी तीन गोष्टी ठरल्या. नवीन जमिनी घ्यायच्या नाहीत, सोसायट्यांच्या पुनर्विकासावर भर द्यायचा. बांधकामाचा वेग वाढवायचा. कर्ज कमी करायचं. सल्लागार नेमला, सादरीकरणं झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. आज कर्ज वाढलेलं आहे आणि चालू असलेले दोन्ही प्रकल्प मागे पडले आहेत. नेतृत्वाचा अंमलबजावणीवर खरंच इतका परिणाम होतो, की दोष बाजाराचा आणि परवानग्यांचा?

बाजार आणि परवानग्या यांचा वाटा आहेच. पण एकाच पेठेत, एकाच महापालिकेकडून मंजुरी घेऊन, त्याच वर्षी सुरू झालेल्या दोन इमारतींपैकी एकीत लोक राहायला जातात आणि दुसरीचा बाहेरचा गिलावासुद्धा झालेला नसतो, तेव्हा कारण कंपनीच्या आत शोधावं लागतं. आत पाहिलं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. धोरण चुकीचं नसतं. मालकांनी त्याला एकेक करून इतके अपवाद केलेले असतात की शेवटी अपवादच धोरण होऊन बसतात.

म्हणून निदानाची पहिली पायरी सांगतो. ते सादरीकरण बाजूला ठेवा. गेल्या सहा महिन्यांत संचालकांनी स्वतःच्या अधिकारात दिलेल्या सवलती, जीएफसी ड्रॉइंग (बांधकामासाठी अंतिम केलेले नकाशे) साईटवर गेल्यानंतर सांगितलेले बदल, अडवून ठेवलेली कंत्राटदारांची बिलं, एका प्रकल्पातून दुसऱ्याकडे वळवलेली रक्कम आणि ग्राहकांना किंवा सोसायटीला तोंडी दिलेल्या तारखा यांची एक यादी करा. हिशेबनीस, साईट इंजिनीअर आणि विक्री प्रमुख यांच्याबरोबर दोन दिवस बसलात तर ती तयार होते. ही यादी म्हणजेच तुमच्या कंपनीचं आजचं प्रत्यक्ष धोरण.

कारखान्यात चुकीचा निर्णय पुढच्या लॉटमध्ये सुधारता येतो. इथे निर्णय काँक्रीटमध्ये ओतला जातो. एक उत्पादन तयार व्हायला तीन वर्षं लागतात, ग्राहक पैसे आधी देतो, आणि जमीन, दर, पैसा, परवानगी या चारही नाड्या दोन-तीन माणसांच्या हातात असतात. त्यामुळे या धंद्यात वरच्या माणसाची सवय जितक्या थेटपणे खालपर्यंत जाते तितकी फार थोड्या धंद्यांत जात असेल.

आता पुनर्विकासाचंच घ्या, कारण तुमच्या धोरणाचा तोच कणा आहे. सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत विकासक निवडला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार तिथे निबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो आणि चित्रीकरण होतं. समजा ४० सभासद आहेत आणि प्रत्येकाचं सध्याचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, ७०० चौरस फूट आहे. म्हणजे एकूण २८,००० चौरस फूट. तुमच्या हिशेबात २५ टक्के जास्त क्षेत्र देणं बसतंय. सभेत कुणीतरी उठून विचारतं, "शेजारच्या सोसायटीला ३० टक्के मिळालंय, तुम्ही का नाही?" व्यासपीठावर बसलेले मोठे साहेब माइक हातात घेतात आणि म्हणतात, "आपणही देऊ." टाळ्या पडतात. त्या एका वाक्याची किंमत १,४०० चौरस फूट विक्रीयोग्य कार्पेट. त्या भागात विक्रीचा दर १४,००० रुपये धरला तर १ कोटी ९६ लाख. अशा प्रकल्पात नफ्याचा मोठा हिस्सा तिथेच गेला, आणि तो भरून काढायला पुढे लिफ्टची कंपनी बदलते, खिडक्यांचं सेक्शन हलकं होतं, कंत्राटदाराचा दर पिळला जातो. साईटवर दोन वर्षांनी जे बिघडलेलं दिसतं त्याची सुरुवात त्या माइकपासून झालेली असते.

उपाय सोपा आहे, पण मालकांना तो जड जातो. सभेला जाण्याआधी 'याच्या पलीकडे नाही' असा आकडा लेखी ठरवायचा, त्यावर दोन्ही संचालकांच्या सह्या घ्यायच्या, आणि सभेत आकड्यांबद्दल बोलण्याचा अधिकार त्या प्रकल्पाच्या प्रमुखाला द्यायचा. त्याने "लेखी कळवतो" एवढंच म्हणायचं. काम हातचं गेलं तर जाऊ द्यायचं. पुनर्विकासात वाईट काम मिळणं हे काम न मिळण्यापेक्षा फार महाग पडतं.

सोसायटी निवडतानाही हाच कस लागतो. आधी अभिहस्तांतरण (मूळ मालक-बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर होणं) किंवा मानीव अभिहस्तांतरण (तो सहकार्य करत नसेल तर सरकारी आदेशाने होणारं) झालंय का ते पाहा, कारण जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मग समोरच्या रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, किती एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम, वापरता येईल ते रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) यांची दारं बहुतेक बंद होतात. पुण्यात लोहगाव विमानतळ आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) यांच्यामुळे उंचीवर मर्यादा येतात, ती ना हरकत आधीच तपासायची. शेवटी विरोधात असलेले सभासद किती आणि कोण. या चार गोष्टींवर 'घ्यायचं की नाही' असा एका पानाचा तक्ता करा. तक्त्यात नापास झालेली सोसायटी 'आपल्या ओळखीतली आहे' म्हणून घेतली की तक्ता संपला. पुढच्या वेळी तुमची माणसं तो भरण्याचे कष्टच घेणार नाहीत.

आता पैसा. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण कर्ज कमी करायचं ठरवूनही ते वाढतं याचं कारण बहुतेक कंपन्यांत सारखंच असतं.

रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांमधल्या नमुना करारात हप्त्यांची कमाल मर्यादा टप्प्यांनुसार ठरवून दिलेली आहे. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, सॅनिटरी आणि जिने-लॉबी झाल्यावर ८०, बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५, लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाल्यावर ९५, आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. आता याच्या शेजारी खर्च मांडून पाहा. शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा ग्राहकाकडून ७० टक्के आलेले असतात, पण बांधकामाचा ढोबळमानाने निम्मा खर्च अजून व्हायचा असतो. वीटकाम, गिलावा, टाइल्स, प्लंबिंग, लिफ्ट, रंग, अग्निशमन, हे सगळं पुढे आहे. आणि हातात यायचे आहेत ३० टक्के, तेही चार-पाच तुकड्यांत.

शेवटच्या स्लॅबच्या सुमारास खात्यात रक्कम बरी दिसते. नेमक्या त्याच महिन्यात कुणीतरी बाणेरची किंवा वाघोलीची जमीन घेऊन येतो. 'जमिनी घ्यायच्या नाहीत' असं धोरण असतं, पण मालकाचं आयुष्य जमिनीच्या व्यवहारात गेलेलं असतं आणि चांगली जमीन सोडवत नाही. टोकन दिलं जातं. सहा महिन्यांनी टाइल्सवाल्याचं बिल थकतं, मग गिलाव्याचा कंत्राटदार माणसं काढतो, ७५ टक्क्यांचा टप्पा पूर्ण होत नाही, म्हणून मागणीपत्रं जात नाहीत, म्हणून पैसे येत नाहीत, म्हणून वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं जातं. २५ कोटींचं कर्ज १५ टक्क्यांनी असेल तर महिन्याचं व्याज ३१ लाख २५ हजार. काम थांबलं तरी ते चालू राहतं.

हे रोखण्यासाठीच रेरा कायद्यात ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायची अट आहे. जमीन आणि बांधकाम एवढ्यासाठीच, कामाच्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांच्या दाखल्यांवर ती रक्कम काढता येते. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत. सगळी रक्कम आधी संकलन खात्यात, तिथून ७० टक्के आपोआप विभक्त खात्यात, आणि जास्तीत जास्त ३० टक्के व्यवहार खात्यात. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्याकडे वळवण्याची सवय कुठवर नेते ते नोएडातल्या आम्रपाली समूहाच्या प्रकरणात देशाने पाहिलं. २३ जुलै २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांची रेरा नोंदणी रद्द केली, अपुरं काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवलं, आणि ४०,००० हून जास्त घरं घेणाऱ्यांची आयुष्यं मधल्या काळात टांगलेली राहिली. आपल्याकडच्या मध्यम कंपन्या त्या टोकाला क्वचित जातात, पण पहिलं पाऊल तेच असतं: "दोन महिन्यांसाठी घेतो, परत टाकू."

कायद्याने ७० टक्क्यांना कुंपण घातलं. उरलेल्या ३० टक्क्यांना कुंपण नेतृत्वालाच घालावं लागतं. मी तरी हे सुचवेन: प्रत्येक प्रकल्पाचा 'पूर्ण होईपर्यंत लागणारा खर्च' दर महिन्याच्या ५ तारखेला नव्याने काढायचा. त्यासमोर करार झालेल्या फ्लॅट्सची येणं बाकी आणि शिल्लक फ्लॅट्सची, दर १० टक्के उतरवून धरलेली किंमत लिहायची. लागणारा खर्च आणि कर्जफेड भागून जे उरेल तेवढंच 'मोकळं'. मोकळं नसेल तर कोणत्याही संचालकाला नवीन टोकन देता येणार नाही, हा ठराव संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहायचा. पहिल्यांदा तो मोडला जाईल तो दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी हिशेबनीसाने "साहेब, ठरावात बसत नाही" असं म्हटलं आणि साहेबांनी ते ऐकून घेतलं, तर धोरण जिवंत आहे.

वेग वाढवण्याचा मुद्दा बहुतेक ठिकाणी घोषणेवरच संपतो. 'स्लॅब सायकल २० दिवसांवरून १४ वर आणा', म्हणजे एका स्लॅबनंतर पुढचा १४ दिवसांत ओता, असं बैठकीत सांगणं सोपं आहे. साईटवर त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे प्रॉप्स, म्हणजे टेकू, ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमसाठी १४ दिवस, त्याहून लांब बीमसाठी २१. म्हणजे १४ दिवसांनी वरचा स्लॅब ओतायचा तर खालच्या मजल्यांचे टेकू अजून उभेच असायला हवेत. त्यासाठी प्लाय आणि प्रॉप्सचा दुसरा, काही वेळा तिसरा संच लागतो. तो संच मंजूर न करता वेग मागितला की सेंट्रिंगचा मुकादम टेकू लवकर काढतो. स्लॅब झोल खातो, बीमला भेगा पडतात, आणि मग दुरुस्तीत कमावलेले दिवस दुपटीने जातात. ताबा दिल्यापासून पाच वर्षं संरचनात्मक दोषांची जबाबदारी रेराच्या कलम १४ खाली तुमच्यावर आहे हेही लक्षात ठेवा.

त्यामुळे वेगाचं धोरण मांडणाऱ्या संचालकाने त्याच बैठकीत तीन गोष्टींवर सही करायला हवी: सेंट्रिंग मटेरियलचा वाढीव संच, बारबेंडर (सळई वाकवणारे) आणि सुतारांची वाढीव टोळी, आणि आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, दुसरा पुरवठादार. सही नसेल तर ते धोरण नाही, नुसती अपेक्षा आहे.

काही कंपन्या वेगासाठी ॲल्युमिनियम फॉर्मवर्क, म्हणजे मायवान, घेतात. चांगलं बसलं तर ७ ते १० दिवसांत मजला निघतो. पण त्याची पूर्वअट वरच्या माणसाच्या स्वभावाला थेट भिडते: ड्रॉइंग गोठवणं. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, विजेचे पाइप आणि स्विचबोर्डाच्या पेट्या आधीच आत बसवलेल्या. शेल प्लॅन (साच्यांसाठीचा नकाशा) मंजूर होऊन पॅनेल बनायला गेले की दरवाजा चार इंच हलवणंही महाग.

साध्या पद्धतीतही बदलाची किंमत लोकांना वाटते त्यापेक्षा खूप जास्त असते. एक नेहमीचं उदाहरण जवळून पाहू. तिसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग लागलेलं आहे. संचालक साईटवर येतात, सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे राहतात आणि म्हणतात, "हे टॉयलेट दीड फूट आत घ्या, बेडरूम मोठी दिसेल." इंजिनीअर हो म्हणतो. टॉयलेटचा स्लॅब खाली धरलेला असतो, म्हणून सेंट्रिंग उकलावं लागतं. बीमची जागा बदलते, म्हणून आरसीसी सल्लागाराकडून सुधारित ड्रॉइंग हवं, आठ दिवस. खालच्या दोन मजल्यांत डक्ट (पाइपांची उभी पोकळी) जुन्या जागी आहे, म्हणून पाइपला वाकण आली. तिथे उद्या तुंबणार आणि गळणार. सळई कापून झालेली होती, ती वाया. टोळी आठ दिवस बसून, तिची खर्ची चालू. कंत्राटदार जादा कामाचं बिल लावतो, ते कुणी मंजूर करत नाही, त्यावरून भांडण. आणि सगळ्यात शेवटी, विकलेल्या फ्लॅटमध्ये मंजूर नकाशा किंवा तपशील बदलायचा तर त्या ग्राहकाची आधी संमती लागते आणि इमारतीच्या मंजूर नकाशात किंवा सामाईक भागात बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. ती नसेल तर पुढे भोगवटा प्रमाणपत्र आणि तक्रारी, दोन्हीकडे अडतं.

म्हणून नियम असा ठेवा: जोत्याच्या आधी एक तारीख, त्या तारखेला संचालक, आर्किटेक्ट, आरसीसी, प्लंबिंग-इलेक्ट्रिक सल्लागार आणि विक्री प्रमुख एकत्र बसून प्रत्येक ड्रॉइंगवर सही करतात. त्यानंतरचा कोणताही बदल, मग तो कुणाचाही असो, 'बदल विनंती' या एका पानावर येतो. किती दिवस, किती रुपये, कोणकोणती ड्रॉइंग बदलणार, ग्राहकांची संमती लागणार का. हे पान प्रकल्प प्रमुख भरतो आणि ४८ तासांनी संचालक त्यावर निर्णय देतात. साईटवर उभं राहून दिलेली तोंडी सूचना पाळायची नाही, असा लेखी आदेश खुद्द संचालकांनी साईट इंजिनीअरला द्यायचा. इंजिनीअरच्या हातात तो कागद असल्याशिवाय तो मालकाला नाही म्हणणार नाही, आणि तसं म्हणण्याची अपेक्षा करणंही त्याच्यावर अन्याय आहे.

कंत्राटदाराच्या बिलांवर थोडक्यात. आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने येणारं बिल) आल्यापासून मोजमाप, तपासणी, मंजुरी आणि पैसे यांना मिळून १५ दिवस, यापेक्षा जास्त नाही. बिल संचालकांच्या टेबलावर पडून राहतं ते बहुधा संशयामुळे किंवा रोख हातात राहावी म्हणून. पण लेबर कंत्राटदाराला दर आठवड्याला टोळीला खर्ची द्यावीच लागते. ४५ दिवस थांबवलंत की तो माणसं दुसऱ्या बिल्डरच्या साईटवर हलवतो, तुमच्याकडे सहा जण ठेवून हजेरी दाखवतो. होळी, दिवाळी, छठ या दिवसांत टोळ्या गावी जातात. ज्याचं बिल चुकतं झालेलं असतं त्याच्याकडे त्या परत येतात. बजेटमधल्या बिलांची मंजुरी प्रकल्प प्रमुखाकडे ठेवा, संचालकांकडे फक्त बजेटबाहेरचं जाऊ द्या.

विक्रीत नेतृत्व दरपत्रकाच्या शिस्तीत दिसतं. दरपत्रक लावलेलं असतं आणि मालकांच्या फोनवर चौरस फुटाला ५०० रुपये कमी होतात. आठवड्याभरात चॅनल पार्टनरांना, म्हणजे घरं विकून देणाऱ्या दलालांना, कळतं की खरा दर 'वर' मिळतो. मग प्रत्येक गिऱ्हाईक साहेबांना भेटायचंच म्हणतं, विक्री प्रतिनिधींचा शब्द हलका होतो, आणि आधी पूर्ण दराने घेतलेल्यांची नाराजी वेगळी. सवलत द्यायचीच तर वर्षाला ठरावीक फ्लॅट्सचा कोटा संचालकांच्या नावे ठेवा आणि तो संपला की संपला.

याहून मोठी गडबड म्हणजे बुकिंग मोजून खूश होणं. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि करार नोंदल्याशिवाय बँक ग्राहकाचं गृहकर्ज सोडत नाही. म्हणजे ६० बुकिंग आहेत पण नोंदणी ३८ चीच झाली आहे, मागणीपत्रं गेलेल्या ३८ पैकी २९ जणांचेच पैसे आले आहेत, तर तुमची विक्री २९ आहे. संचालक दर सोमवारी "किती बुकिंग?" असं विचारत असतील तर विक्री विभाग बुकिंगच आणणार, कच्ची का असेनात. "किती नोंदणी, किती जमा?" असं विचारायला लागा, दोन महिन्यांत फरक दिसेल. मालक कोणता आकडा पहिल्यांदा विचारतात त्याकडे सगळी कंपनी वळते. अंमलबजावणीचं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

तारखेबद्दल. रेरा नोंदणीच्या वेळी पूर्णत्वाची तारीख विकासक स्वतः जाहीर करतो. ती चुकली तर कलम १८ प्रमाणे ग्राहक पैसे परत मागू शकतो किंवा प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकतो, आणि महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या आधारभूत दरावर) २ टक्के असा आहे. तरी विक्रीला बरं दिसावं म्हणून तारीख अलीकडे ओढली जाते. पार्किंगवर बारा मजल्यांच्या पुनर्विकासाचा हिशेब मांडा: पाडकाम दीड-दोन महिने, खोदाई आणि पाया तीन ते चार, १३ स्लॅब २० दिवसांनी म्हणजे २६० दिवस, शेवटच्या स्लॅबनंतर फिनिशिंगचे नऊ-दहा महिने, भोगवट्याला दोन-तीन. पावसाळ्यात खोदाई सापडली की आणखी. हे २४ ते २८ महिने होतात, त्यावर अडचणींसाठी तीन-चार महिने ठेवायलाच हवेत. पुनर्विकासात सभासदांनी घर रिकामं केल्या दिवसापासून भाडं सुरू होतं. ४० सभासदांना सरासरी ३०,००० रुपये म्हणजे महिन्याला १२ लाख. आठ महिन्यांचा उशीर झाला तर ९६ लाख, वाढीव भाडं वेगळं. म्हणून सगळी मंजुरी आणि पहिल्या जोत्यापर्यंतचा पैसा हातात असल्याशिवाय घरं रिकामी करून घ्यायची नाहीत. सोसायटीचे सभासद उत्साहात असतात, मालकांनाही पाडकामाचा फोटो हवा असतो. या मोहाला आवर घालणं हे नेतृत्वाचं काम आहे. त्या चाळीस कुटुंबांत सत्तरी ओलांडलेली माणसं असतात, त्यांना भाड्याच्या घरात एक वर्ष जास्त काढायला लावणं ही साधी गोष्ट नाही.

वाईट बातमी वर येते की नाही, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या चाचणीचा, ७ दिवसांचा निकाल कमी आला, तर तो संचालकांना त्याच दिवशी कळतो की २८ दिवसांच्या निकालापर्यंत दडवला जातो? दडवला जात असेल तर मागे कधीतरी सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलेलं असतं. आढावा बैठक दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, दीड तास. महिन्यातून किमान एक साईट ऑफिसमध्ये. आधी साईट इंजिनीअर बोलेल, मग प्रकल्प प्रमुख, मग खरेदी आणि लेखा, संचालक सगळ्यांत शेवटी. मोठे साहेब आधी बोलले की बाकीचे फक्त दुजोरा देतात. पुढच्या सहा आठवड्यांची कामं आणि प्रत्येकाच्या आड काय येतंय, ते कोण कधीपर्यंत सोडवणार, एवढंच लिहायचं. मागचं कारण उगाळत बसायचं नाही.

तुमच्या घरच्या परिस्थितीत आणखी एक गाठ आहे: वडील एक सांगतात, काका दुसरं, आणि कर्मचारी सोयीचं उत्तर मिळेल तिकडे जातात. एका प्रकल्पाला एकच जबाबदार संचालक, हे लेखी ठरवा. दुसऱ्या संचालकाला काही वाटलं तर त्याने साईटवर नाही, भावाशी बोलायचं. वडिलांची ताकद जमीन, सोसायटीची माणसं आणि महापालिकेतला अनुभव यांत असेल तर ती जबाबदारी त्यांच्याकडेच राहू द्या, सन्मानाने. ती काढून घेऊन त्यांना आठवडी बैठकीत बसवलंत तर ते जुन्या मार्गाने साईटवर जाणारच. पुढच्या पिढीने ईआरपी (सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांना त्यात कोंबू नये. आधी बिलांचे १५ दिवस आणि बदल विनंतीचं पान कागदावर पाळून दाखवा, मग ते संगणकावर न्या.

सुरुवात कुठून करायची? तीनही धोरणं एकदम हाती घेऊ नका. पहिल्या महिन्यात ती अपवादांची यादी आणि दोन्ही प्रकल्पांचा पूर्णत्वापर्यंतचा खर्च. दुसऱ्या महिन्यात जो प्रकल्प भोगवट्याच्या जवळ आहे त्यावर सगळा पैसा आणि माणसं लावा, कारण ताबा दिला की शेवटचे हप्ते येतात आणि तयार फ्लॅटवर जीएसटी नसल्याने शिल्लक घरंही विकायला सोपी जातात. त्यातून आलेल्या रकमेतून सर्वांत महागडं कर्ज आधी फेडा. तोपर्यंत एकही नवीन सोसायटी घेऊ नका, सभा कितीही अनुकूल असली तरी. आणि वडिलांशी व काकांशी हे बोलणं ऑफिसात करू नका. घरी, दोघं एकत्र असताना, ती यादी समोर ठेवून करा.